नकाशाच्या कळ्या

आमच्या जेवणाच्या टेबलावर जगाचा नकाशा छापलेलं प्लास्टिक अंथरलेलं आहे. मोदक वळता वळता बायकोचं लक्ष सारखं त्याच्याकडे जात होतं. आमची मुलगी नोकरीसाठी टांझानियाला निघालीय.

"जाऊबाईंचा मुलगा बघा, केवढ्या मोठ्या कॅनडात आहे," ती म्हणाली. "आणि आपली पोर या चिंचोक्याएवढ्या देशात."

"अगं, कॅनडा मोठाच आहे, पण एवढा नाही. नकाशात वरचे देश फुगतात आणि आफ्रिका बिचारी लहान दिसते."

"फुगतात कसे?"

तिच्या हातात कळ्या पाडून मिटलेला मोदक होता. "हा उलगड बरं," मी म्हणालो. कुरकुरत तिने कळ्या सोडवल्या. चिमटीत मावणारं टोक केवढं तरी पसरलं; तळ मात्र होता तेवढाच राहिला.

गोल वस्तू सपाट करायची तर कुठेतरी ताण पडणारच. एका नजरेत मावावीत म्हणून दूरच्या माणसांनाही आपण असंच सपाट करतो, आणि मग त्यांची मापं काढत बसतो. पोर तिथे जाऊन हिंडू-फिरू लागली, की या चिंचोक्यातून अख्खा देश बाहेर येईल.

बायकोने कळ्या पुन्हा मिटल्या. मोदकांचं ताट ती दर वर्षी टेबलाच्या मधोमध ठेवते. या वेळी तिने ते वर सरकवून नेमकं कॅनडावर ठेवलं.

"जाऊबाई येतील एवढ्यात," ती म्हणाली. "आफ्रिका दिसू दे जरा."