तोडीची पाळी कॉम्प्युटर लावतो

साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये वीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, गव्हाणीत ऊस पडावा तसे येऊन पडतात. पण त्या दुष्काळात एका प्रोग्रामनं माझं जेवढं डोकं फिरवलं, तेवढं एकाही डायरेक्टरनं फिरवलं नाही.

प्रोग्राम तोडीच्या याद्या काढायचा. ज्याच्या उसाची लागण आधी, त्याचा ऊस आधी तोडायचा, हा नियम. तरी नदीपलीकडच्या गयाबाईचा नंबर दरवर्षी शेवटी. त्या साली तिची विहीर आटली आणि ऊस उभ्या जागी वाळायला लागला. बाई रोज दारात यायची. "कावून माजा नंबर शेवटला?"

आमचं ठरलेलं उत्तर, "मावशी, कॉम्प्युटरनं काढलाय." लाज वाटायची, पण कारण मलाही माहीत नव्हतं.

*

प्रोग्राम जोगदंड सरांनी लिहिलेला. सर रिटायर होऊन कडा गावात मुलाकडं राहायचे. आमच्याकडं होती फक्त चालणारी एक्झी फाइल. ती चालते, पण माणसाला वाचता येत नाही. मूळ लिहिलेला प्रोग्राम हवा म्हणून सरांना फोन केला. "फ्लॉपी हाय की स्टोअरच्या कपाटात. देवासारखी जपलीय."

खरंच देवासारखी जपली होती. दर खंडेनवमीला स्टोअरकीपर तांदळे पान्यांबरोबर तिचीही पूजा करायचा. फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवली तर आत हळदीकुंकवाचा थर!

"कॉपी कावून न्हाई काढली बे?" मी तांदळेवर ओरडलो.

"मूळ मूर्तीची कुणी कॉपी काढतं का?"

*

मग ठरलं, एक्झी फोडायची आणि आतला प्रोग्राम वाचता येईल असा परत काढायचा. एमडी साहेबांकडं अर्ज नेला.

"म्हणजे साखरेचा परत ऊस करायचा?"

"हो साहेब, तसंच."

साहेबांनी शेरा मारला, 'शेतकी विभागाचा अभिप्राय घ्यावा.' शेतकी विभागानं पंधरा दिवस घेतले. तोवर गयाबाईच्या बांधाकडच्या सऱ्या पार वाळून गेल्या.

*

एकदाची एक्झी फुटली. पण सरांनी दिलेली नावं सगळी गायब. गाव, शेतकरी, तारीख, काही कळेना. नुसतं ए-१, ए-२, असं ए-९० पर्यंत. मी एकेकाचा अंदाज बांधत बसलो, तांदळे शेजारी चहा पीत.

"ए-४० चेअरमन धरा," तो म्हणाला. "त्याला हात लावला की समदं बंद पडतंय."

*

आठवड्यानं ती ओळ सापडली. ए-७ जर बेचाळीस असेल, तर नंबर शेवटी टाका. बेचाळीस म्हणजे गयाबाईचं गाव. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. सरांना फोन लावला, "सर, कुणी सांगितलं होतं हे?"

"कुणीच न्हाई रे. प्रोग्राम लिहिला त्या साली लई पाऊस झालता. पूल वाहून गेलता, ट्रक जाईना. तेवढ्या सीझनपुरतं टाकलं. मग काढायचं राहिलं बघ."

अकरा सीझन राहिलं! ओळ काढली, यादी नव्यानं काढली. गयाबाई तिसऱ्या नंबरावर आली.

दुसऱ्या दिवशी ती दारात आली. म्हटलं, "मावशी, उद्या तोडीची टोळी येतीय." आणि का उशीर झाला तेही सांगून टाकलं. पाऊस, वाहून गेलेला पूल, राहून गेलेली ओळ, सगळं.

तिनं ऐकून घेतलं. पदरानं तोंडावरची धूळ पुसली.

"आन् मी रोज नदी वलांडून हितवर कशावरून येत हुते?"