अम्माचा खांदा, वैनीचे हात

माझी वैनी अंबुजा मद्रासच्या एका सरकारी इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. हा शब्द आमच्या घरात कोणी नीट उच्चारला नाही, कारण कोणी तसदीच घेतली नाही. सून काय करते असं नात्यातल्या कोणी विचारलं की अम्मा "इस्पितळात आहे" एवढंच सांगायची. ऐकणाऱ्याने डॉक्टर समजलं तर अम्माची ना नसायची. सून दिवसभर परक्या माणसांचे लुळे पाय मांडीवर घेऊन वाकवते, हे सांगायची तिला लाज वाटे. त्या लाजेची मला तेव्हाही चीड यायची, आजही येते.

आम्ही तंजावरकडचे देशस्थ. टी. नगरला साड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत राहायचो. अप्पा गेल्यापासून अम्मा, मी, माझा भाऊ गुरुराज आणि त्याची बायको अंबुजा, एवढीच माणसं. घर अम्माचं होतं आणि स्वयंपाकघर तर केवळ तिचंच. पहाटे न्हायची, वेगळं वाळवलेलं लुगडं नेसायची, की ती मडी झाली. मडी म्हणजे तुमचं सोवळं. मग दुपारची पानं उठेपर्यंत तिला कोणी शिवायचं नाही. शिवलं तर पुन्हा न्हाणं.

वैनीसाठी मात्र अम्माने एक खास नियम काढला होता. इस्पितळातले हात कितीही न्हाले तरी मडी होत नाहीत. हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय, असं मी एकदा विचारलं. अम्मा म्हणाली, "माझ्या." वैनीला लग्न झाल्यापासून त्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडता आला नव्हता. ती घासूनपुसून न्हायची आणि दारात उभी राहून आपलं ताट घ्यायची. गुरुराज, माझा सख्खा भाऊ, पेपर वाचत बसायचा.

शहाऐंशी साली अम्मा न्हाणीघरात घसरली आणि उजव्या दंडाचं हाड खांद्याजवळ मोडलं. हात गळ्यात बांधला. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, "आता हात हलवा, नाही तर खांदा धरेल." तोवर तो धरला होताच. हात कोपरातून वाकायचा, पण खांद्यातून वीतभरही उचलायचा नाही. लुगड्याचा पदर खांद्यावरून घ्यायलासुद्धा दुसरं माणूस लागायचं, आणि ते माणूस मी. बस पकडून बँकेत जाणारी मी कसली मडी असणार? मी हात लावला की अम्माची मडी संपली, आणि मडी संपली की स्वयंपाकघर संपलं. जग इकडचं तिकडे झालं तरी चालेल, पण स्वयंपाकघर जाता कामा नये, असं तिचं होतं. तिला हात हवा होता तो त्यासाठी.

घरात शिकलेली, रोज असले खांदे सोडवणारी सून होती. पण उपचाराला आले सत्यनारायणमामा.

मामा अम्माचा धाकटा भाऊ. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर कुठल्याशा आश्रमात निसर्गोपचार शिकून आलेला. मांबलमला घरामागच्या शेडमध्ये पाण्याचे टब होते, मातीची पिंपं होती. त्यांना मी भोंदू म्हणणार नाही. झोपेच्या गोळ्यांवर जगणारी किती तरी माणसं त्यांनी साधं खाणं, पोटावर मातीची पट्टी आणि सकाळचं ऊन एवढ्यावर झोपायला शिकवली. पेरुंगुडीकडच्या शेतातली वारुळाची माती आणून, चाळून, भिजवून ते अम्माच्या खांद्यावर लेप द्यायचे. सूज उतरली, ठणका गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मला आग लागते ती वेगळ्याच गोष्टीची. भांडायला या दोघांना काही कारणच नव्हतं. मामा गोळीच्या विरोधात, वैनीच्या हाती गोळी नव्हतीच. मामांचं म्हणणं, शरीर आपलं आपण दुरुस्त होतं, आपण फक्त वाट मोकळी करायची. वैनीचं म्हणणं, सांधा वापरला नाही तर तो वापर विसरतो, त्याला रोज थोडं थोडं शिकवावं लागतं. मामा पट्टी लावायचे, वैनी इस्पितळात गरम मेणाचा लेप लावायची. निम्मी वाट दोघांची एकच होती. पुढे दुखण्यापाशी फाटा फुटायचा. दुखलं की शरीर नको म्हणतंय, थांबा, असं मामा म्हणत. दुखेल तिथवर जायचं आणि त्याच्या किंचित पुढे, असं वैनी म्हणे.

त्यात वेळ एकच. वैनी इस्पितळात निघण्याआधी मोकळी असायची ती पहाटे, आणि मामाही तेव्हाच यायचे. त्या तासाभरात मामांची माती वाळायची होती आणि वैनीला हात हलवून घ्यायचा होता. वैनी अगदी नमून म्हणाली, "मामा, तुम्ही आधी शेक द्या, खांदा सैल होऊ दे. मग मला थोडा वेळ द्या."

"लेपानंतर विश्रांती पाहिजे," मामा म्हणाले. "तू करतेस ती कुस्ती. उपचार नव्हे."

वैनीने कसाबसा आठवडा त्यांच्या मातीच्या अलीकडे-पलीकडे काढला. एका पहाटे ती अम्माचा हात उचलत असताना मामा दारातून म्हणाले, "अक्का, इस्पितळात ही रोज परक्या बाप्यांना असंच धरते म्हणे." अम्माने मान फिरवली. वैनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली असणार. तिने हात पुढे ढकलला, नेहमीपेक्षा जास्त. अम्मा किंचाळली. वैनी चुकली, हे ती स्वतःच मला नंतर म्हणाली. रागात रुग्णाला हात लावायचा नसतो, हे ती इस्पितळात शिकायला येणाऱ्या मुलींना शिकवायची.

गुरुराज पेपर खाली ठेवून म्हणाला, "उद्यापासून वेंडाम, नको. मामाच पाहतील." आयुष्यात एकदा तोंड उघडलं, आणि ते यासाठी.

मग हिवाळा आला नि गेला. मामा रोज यायचे, लेप लावायचे, हात फडक्याने छातीशी बांधायचे. "दुखतं काय, अक्का?" "नाही." "बघ." अरे, दुखेल कसा? हललाच नाही तर दुखेल कसा? मी हे मामांना तोंडावर विचारलं. ते मंद हसले. त्या हसण्याला फोडून काढावंसं वाटलं होतं.

स्वयंपाकाला धनलक्ष्मी नावाची बाई ठेवली होती. आमच्यातलीच, कडक मडीची. कामाला चोख, पण हळूहळू डबे तिने आपल्या सोयीने लावले. अम्मा दारात उभी राहून सांबारात चिंच किती घालायची ते सांगायची, आणि धनलक्ष्मी तिच्या मनाला येईल तेवढी घालायची. एका एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, पारण्याची गडबड होती. मी नेसवलेलं लुगडं सावरत अम्मा न राहवून उंबऱ्याच्या आत आली. पळीला डावा हात घातला.

धनलक्ष्मी मागे सरली. आवाज चढवला नाही, शांतच बोलली. "अम्मा, तुम्ही बाहेर बसा. तुम्ही मडी नाही. मी परत सगळं करू काय?"

नियम अम्माचाच होता. तिने तो आयुष्यभर दुसऱ्यांवर चालवला होता. ती पळी ठेवून बाहेर आली आणि पडवीच्या बाकावर बसली. तिचा चेहरा पाहून मला कीव आली नाही, खरं सांगते. बरं झालं असंच वाटलं.

तेवढ्यात मामा मातीचं भांडं घेऊन आले. पदर सोडा, लेप लावू, म्हणाले.

"ठेव ते खाली," अम्मा म्हणाली. "दुखत नाही म्हणून तू खूष, मी पण खूष. कुणी सांगितलं मला दुखायला नको म्हणून? मला माझं लुगडं नेसायचं आहे रे. तू मला बांधून निजवलंस."

"अक्का, निसर्गाला वेळ..."

"पोदुम. पुरे झालं." मग तिने हाक मारली, "अंबुजा."

वैनी इस्पितळात जायला निघाली होती, खांद्याला पिशवी होती. ती आली, पण चार हात लांबच थांबली.

"धर हात," अम्मा म्हणाली.

"इस्पितळाचे हात आहेत, अम्मा."

गुरुराजसुद्धा वर पाहायला लागला. वैनीने हे इतक्या वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. अम्मा म्हणाली, "तेच पाहिजेत."

वैनीने पिशवी खाली ठेवली. मामा भांडं उचलून निघाले होते, त्यांना तिने थांबवलं. मी त्यांना जाऊ दिलं असतं. "मामा, गार माती नको. गरम पाण्याची पट्टी द्या, तुमचीच. तुमचा हात हलका आहे. सैल करा, मग मी घेते." मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, पण बहिणीसमोर ते बसले.

त्या दिवसापासून दोघे रोज एकाच बाकावर. आधी शेक, मग वैनीचे हात. अम्मा दात खायची, शिव्या द्यायची, मामांना बाहेर जा म्हणायची, वैनीला थांबू नको म्हणायची. पावसाळ्यापर्यंत हात खांद्याच्या रेषेला आला. पदर स्वतः घेता येऊ लागला. धनलक्ष्मीला रजा दिली, आणि अम्मा पुन्हा स्वयंपाकघरात उभी राहिली. मामा आपल्या शेडमध्ये सांगत सुटले की गरम पट्टीने खांदा सुटला. ते वारले तरी माझा त्यांच्यावरचा राग गेलेला नाही. गुरुराजवरचाही नाही.

कारण खांद्याच्या रेषेच्या वर हात कधी गेलाच नाही. तो हिवाळा फुकट घालवला नसता तर डोक्यापर्यंत नक्की गेला असता, असं वैनी म्हणाली, कोणाला बोल न लावता. अम्माला स्वतःचा अंबाडा बांधता येईना. तो शेवटपर्यंत वैनीनेच बांधला, न्हाणं झाल्यावर, मडीतच. वैनीचे हात लागूनही अम्मा तशीच स्वयंपाकघरात जायची, आणि त्याबद्दल कोणी एक शब्द काढायचा नाही.

मी एकदा वैनीला विचारलं, तुला राग नाही येत?

"येतो की. रोज येतो," ती म्हणाली. "म्हणून थोडा घट्ट बांधते."

केस ओढले जायचे तेव्हा अम्मा डोळे मिटून घ्यायची. दुखतं म्हणून ती एकदाही बोलली नाही.