छत बंद होण्याआधीची दुपार

लेखन करण्याचा माझा अधिकार नाही. वाचन पुष्कळ झाले. पण जेवणाऱ्याने पंगतीतून उठून आचाऱ्याच्या हातची पळी घ्यावी, तसेच वाचणाऱ्याने लिहायला बसणे, असे मी आजवर मानत आले. या वयात ती पळी हाती घेण्याचा आगाऊपणा करते आहे. वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी. माझ्यापाशी सांगण्यासारखी एकच दुपार आहे. ती मनात इतक्या लख्ख उजेडात उभी आहे, की कुणाला न सांगता ठेवणे आता मला जमत नाही.

कर्जतच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर तर्कशास्त्र शिकवत असे. तो विषय घेणारी मुले वर्षागणिक कमी होत गेली आणि एका जूनमध्ये विषयच बंद झाला. चाळिशी उलटलेल्या, चारचौघांत बोलताना शब्द गिळणाऱ्या बाईला दुसरे काय काम मिळावे? गावातल्या प्रशिक्षण केंद्राच्या फलकावर संगणक-जाळ्याच्या केबलिंगचा अभ्यासक्रम लिहिलेला दिसला. चौकशीला गेले, तेव्हा तिथले शिक्षक म्हणाले, "भिंतीकडे तोंड करून करायचं काम आहे, मॅडम. बोलावं फार लागत नाही." मी लगेच नाव नोंदवले.

काम असे असते. इमारतीतले संगणक, फोन, कॅमेरे, आणि रुग्णालय असेल तर रुग्णाच्या उशाशी ठेवलेली यंत्रे, या सगळ्यांच्या केबल भिंतींतून आणि छतातून ओढून एका लोखंडी कपाटात आणायच्या. त्या कपाटाला रॅक म्हणतात. प्रत्येक केबलच्या पोटात आठ बारीक तारा असतात. दोन-दोनच्या जोड्या करून त्यांना पीळ घातलेला असतो. सारे मर्म त्या पिळात आहे. तो उलगडला किंवा चेपला गेला, की एका जोडीतले बोलणे शेजारच्या जोडीत मिसळू लागते. केबलच्या दोन्ही टोकांना या तारा आपापल्या खाचांत बसवणे हे नाजूक काम मला मनापासून आवडले. ते मिळेपर्यंत मात्र बराच काळ मी फक्त केबलवर क्रमांकांची लेबले चिकटवत होते.

आमची टोळी लहान. मिस्त्री भिवपुरीजवळच्या गावातले, घरची भातशेती सांभाळून वायरिंगमध्ये आयुष्य घालवलेले. शिडीवर चढणारा जोडीदार डोंगराखालच्या वाडीतला, माझ्याच वयाचा, दिवसभरात मोजकी वाक्ये बोलणारा. कामे घेणारे शेठ खोपोलीचे. मी पूर्वी शिकवत असे हे कळल्यापासून मिस्त्री मला 'बाई' म्हणू लागले, आणि लेबले चिकटवताना पाहिले की हटकून विचारत, "काय बाई, झाली का हजेरी? कोन कोन गैरहजर हाय?" मी हसत असे. उत्तर मला संध्याकाळी घरी गेल्यावर सुचे.

खोपोलीच्या शिळफाट्याजवळ एक नवे रुग्णालय उभे राहत होते. त्या कामात शेठनी पहिल्यांदाच संपूर्ण रॅक माझ्या हाती दिला. छतातून केबल आणण्याचे काम मिस्त्रींचे, टोके बसवण्याचे माझे. मी त्या रॅकपुढे देवघरात बसावे तशी बसत असे. एकेक तार खाचेत बसल्याचा 'टक्' असा आवाज झाला, की पुढच्या तारेला हात घालायचा. शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत वर्गाबाहेर पडताना आपण काही केले असे मला क्वचित वाटले होते. इथे ते रोज वाटू लागले.

पहिल्या मजल्यावर, अतिदक्षता विभागापासून रॅकच्या खोलीपर्यंत एक लांब बोळ आहे. त्याच्या छताखाली पत्र्याच्या ट्रेमधून सगळ्या केबलची एकच जाड जुडी नेलेली होती. मिस्त्रींनी ती प्लॅस्टिकच्या टायने, म्हणजे ओढले की घट्ट होणाऱ्या दातेरी पट्ट्यांनी, हातभर अंतरावर आवळून बांधली होती. जुडी दिसायला देखणी होती. कुठे एक केबल वाकडी नाही. पाहायला आलेले डॉक्टरही "व्वा!" म्हणून गेले होते. आमच्याजवळचा लहान टेस्टर लावला, की आठही तारांचे आठ दिवे ओळीने लागत. खरी परीक्षा मोठ्या मशीनची; एका जोडीतले बोलणे दुसरीत मिसळते का, ते त्यावरच कळते. ते दुसऱ्या दिवशी सकाळी पनवेलहून यायचे होते. त्याआधीच, त्या दुपारी, बोळाचे छत जिप्समच्या शीटांनी कायमचे बंद होणार होते. एकदा शीटा चढल्या, सांधे भरले, रंग लागला, की आतल्या केबलला हात लावायचा म्हणजे छत फोडायचे.

छतवाल्यांनी शीटा बोळात आणून भिंतीला टेकवल्या, तेव्हा एक सुटलेले लेबल चिकटवायला मी शिडीवर चढले. केबल बोटांत धरून फिरवली आणि टायखाली बोट थबकले. बाहेरून गोल असलेली केबल तिथे चपटी झाली होती. पुढचा टाय पाहिला, तिथेही तेच. टाय केबलच्या अंगात रुतले होते.

प्रशिक्षणात अशी एक चेपलेली केबल मी पाहिली होती. आतला पीळ दबला, की तारा जोडलेल्या असूनही केबल कामाची राहत नाही. दिवे लागले म्हणजे तारा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचल्या, एवढेच सिद्ध होते. ती अट आवश्यक आहे, पुरेशी नाही. हे वाक्य मी वर्गात कितीदा फळ्यावर लिहिले असेल! आता ते शिडीवरून, माणसांकडे पाहून म्हणायचे होते. तेही ज्यांनी मला टाय बांधायला शिकवले, त्यांच्याच कामाविषयी.

"मिस्त्री," मी म्हटले, "छत आत्ता बंद करू नये."

जोडीदार खाली शिडी धरून उभा होता. त्याने वर माझ्याकडे आणि मग मिस्त्रींकडे पाहिले. "दादा, बाई बोलली रं!"

"ऐकलं मी," मिस्त्री म्हणाले. "का बंद करू नये?"

"टाय फार आवळलेत. केबल दबलीय."

"आठी दिवे लागले का नाय?"

"लागले. पण दिवे पुरेसे नाहीत."

"दिवे पुरेसे नाय!" मिस्त्रींनी बोळभर नजर फिरवली. "मंग आता काय, सूर्य आनायचा का?"

छतवाल्यांचा मुकादम त्याच्या माणसांसह मोठ्याने हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, शीट आज ही चढेगा. कल अपना दुसरा साइट है."

मी शिडीवरून उतरले नाही. एरवी मी उतरले असते, "माझी चूकही असेल" असे पुटपुटले असते. त्या वेळी माझा हात त्या दबलेल्या केबलवर होता, आणि बोटांना जे कळत होते त्याविषयी मला शंका नव्हती. वरूनच मी शेठना फोन लावला आणि मोठे मशीन आजच आणावे, तोवर छत थांबवावे, अशी विनंती केली.

शेठ म्हणाले, "ताई, मशीन मी आणतो. पण एक ऐकून ठेवा. सगळ्या केबल पास झाल्या, तर मिस्त्रींचा शब्द मोडून तुम्ही काम अडवलंत असा अर्थ होईल. मग मला टोळी चालवायचीय. रॅक त्यांच्याकडे जाईल, आणि तुम्ही परत लेबलांवर. चालेल?"

"चालेल," मी म्हटले. फोन ठेवून मी खाली उतरू लागले. जोडीदाराने शिडी आणखी घट्ट धरली.

मशीन येईपर्यंतचा वेळ फार वाईट गेला. मिस्त्री खिडकीशी पाठ करून बसले आणि घाट चढणारे ट्रक पाहत राहिले. चहा आला, त्यांनी माझा पेला जोडीदाराच्या हाती पाठवला. एरवी ते स्वतः आणून देत, वर "घ्या बाई, मधली सुट्टी" असे म्हणत. छतवाले शीटांवर पसरून मोबाइल पाहत होते. रॅकच्या खोलीत जाऊन मी माझ्या हातच्या ओळींवर नजर टाकली. हे सारे उद्या दुसऱ्याचे होईल, असे वाटले.

शेठ मशीन घेऊन आले. त्याचे दोन भाग असतात. एक रॅकपाशी जोडायचा, दुसरा केबलच्या लांबच्या टोकाला. मग पडद्यावर हिरवी खूण येते किंवा लाल फुली. पहिली केबल लावली. हिरवी खूण. दुसरी लावली. हिरवी.

"झालं?" मिस्त्रींनी विचारले. मुकादमाने टाळी वाजवून माणसांना उठवले. शेठनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता, कणव होती, आणि तीच मला सोसवेना.

त्या क्षणी डोके अचानक निवळले. टाय रुततो तो जुडीच्या बाहेरच्या केबलमध्ये. पोटातल्या केबलना त्याचा दाब लागतच नाही. "या दोन जुडीच्या आतल्या असतील," मी म्हणाले. "बाहेरच्या तपासायला हव्यात. बाहेरच्या कोणत्या, ते मला ठाऊक नाही."

ते ठाऊक होते फक्त मिस्त्रींना. जुडी त्यांनी रचली होती. त्यांना गप्प राहता आले असते. पण ते बोलले, "खालनं गेल्यात त्या आयसीयूच्या. शेवटल्या खाटांच्या." आणि स्वतःच मशीनचा दुसरा भाग उचलून त्या खाटांकडे चालू लागले.

पहिल्याच केबलला लाल फुली आली. तिच्या शेजारणीलाही. आणखी एक लावली, तिलाही. मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. मात्र मिस्त्री परत येताना दिसले आणि तो आनंद तोंडावर दिसू नये म्हणून मी खाली पाहिले.

"पन बाई," ते म्हणाले, आवाजात खरेच कोडे होते, "कसून नाय बांधली तर सुटंल ना? आमी भारा असाच बांधतो."

माझे माहेर खालापूरकडच्या गावातले, शेतकरी घर. उत्तर मला त्याच वेळी, तिथल्या तिथे सुचले; आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. "मिस्त्री, हा कापलेल्या भाताचा भारा नव्हे. ही रोपांची मूठ आहे. लावणीला रोपं उपटून मूठ बांधता, तेव्हा ती भाऱ्यासारखी आवळता का?"

"छ्या! आवळली तर रोप मरंल. मूठ आंगठ्यानं सुटली पायजे." एवढे बोलून ते थांबले. वर जुडीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मोठ्याने हसले. "ह्ये आदी सांगायचं नाय व्हय, बाई! सूर्य-बिर्य काय आनत बसलो आपन!"

पक्कड घेऊन ते स्वतः शिडीवर चढले आणि स्वतःच्या हाताने बांधलेले टाय एकामागून एक कापत बोळाच्या टोकापर्यंत गेले. त्यांच्यामागून मी आणि जोडीदार, बुटांना असते तशी खरखरीत कापडी पट्टी सैल गुंडाळत निघालो. ती पट्टी कमी पडली, तेव्हा शेठ बाजारात धावले. मुकादमाने प्रथम कपाळाला हात लावला, पण नंतर त्याच्याच माणसांनी दुसरी शिडी आणून लावली. काम लवकर उरकले तर त्यांचीच सुटका होणार होती. मशीन पुन्हा फिरले. बहुतेक केबलनी मोकळा श्वास घेतल्यासारखी हिरवी खूण दाखवली. दोन मात्र कायमच्या दुखावल्या होत्या. त्या काढून नव्या ओढल्या. मिस्त्री एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. "ओढा, बाई!" ते ओरडत, आणि "थांबा!" म्हणून मीही ओरडत होते. माझा आवाज त्या बोळाच्या पार जात होता.

शेवटच्या खाटेच्या शेवटच्या केबलला हिरवी खूण आली, तेव्हा बाहेर ऊन उतरले होते. मला अक्षरशः नाचावेसे वाटले. नाचले नाही, पण रॅकपाशी जाऊन त्याचे दार उगीचच दोनदा उघडून मिटले. शेठनी त्याची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि सर्वांसमोर म्हणाले, "पुढच्या कामापासून मशीन आधी, छत नंतर. आणि छत बंद करायला हो म्हणायचं ते ताईंनी."

मिस्त्री लगेच छतवाल्यांकडे वळले. "ऐकलं ना रं? बाईंना इचारल्याबिगर खिळा मारायचा नाय."

मुकादम हात जोडून माझ्यासमोर आला. "मॅडम, अब लगाऊँ शीट?"

मी म्हणाले, "लगाओ." एवढा सुंदर शब्द मी तोवर उच्चारला नव्हता.

शीटा चढल्या, सांधे भरले गेले. आता त्या बोळातून रुग्णांचे नातेवाईक डबे घेऊन ये-जा करतात, वर पांढरे सपाट छत असते, आणि त्याआड काय घडले ते कुणालाही दिसत नाही. त्या शेवटच्या खाटांशेजारची यंत्रे चालू आहेत. मी मात्र अजून अधूनमधून त्या दोन हिरव्या खुणांचा विचार करते. मिस्त्री तेव्हा गप्प राहिले असते, तर मी हरले असते, आणि तरीही माझे म्हणणे खरेच राहिले असते. आपली जागा पणाला लागली आहे हे ठाऊक असताना, हातात पुरावा म्हणून फक्त बोटांना लागलेला चपटेपणा असताना, तुम्ही ते छत थांबवले असते का?