‘खराब’ लिहिलेली कुपी

माझं तोंड आधी चालतं, डोकं मागनं येतं. कवठे येमाईला आमच्या घरी हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळं तिथं माझ्या आरडाओरड्याकडं कुणी लक्ष देत नाही. कॉलेजात मात्र देतात. तिथंच घोटाळा झाला, आणि फटका मला नाही, मामांना बसला.

मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई, दौंड तालुक्यातल्या राहूचे. कॉलेजात लागायच्या आधी वीस वर्षं त्यांनी डेअरीची दुधाची गाडी चालवलेली. ‘येक क्यान नासू दिला न्हाई,’ हे नव्या माणसाला ते पहिल्या पाच मिनिटांत ऐकवायचे. म्हणून थंड ठेवायचं सामान आणायचं काम त्यांच्याकडं होतं. कुरियरवाला आमच्या आडरस्त्याला यायला तयार नसायचा. तो बर्फ घातलेला डबा हायवेवर कासुर्डीला उतरवायचा आणि मामा मोटारसायकलवर जाऊन घेऊन यायचे.

त्या वर्षी माझी सगळी पीएचडी एका कुपीवर अडकली होती. बोटाच्या पेराएवढी कुपी. आत अँटिबॉडी, म्हणजे उंदराच्या एका विशिष्ट रोगप्रतिकारक पेशीवरची खूण शोधून तिलाच जाऊन चिकटणारं प्रथिन, आणि त्याला जोडलेला चमकणारा रंग. उंदराच्या प्लीहेतल्या पेशी घ्यायच्या, त्यात हे थेंबभर टाकायचं, अंधाऱ्या खोलीत खास सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. ती पेशी असली तर हिरवी चमकते. ऊन लागलं, गरम झालं, तर रंग मरतो. कुपी यायला चार महिने लागले होते. ती आली त्या दिवशी मी मामांना पेढा दिला होता.

आणि बघितलं तर काळंकुट्ट! एक ठिपका नाही. तीन वेळा सगळं नव्यानं केलं, तरी तेच.

डोक्यात नुसता जाळ झाला. मी तशीच बाहेर आले. व्हरांड्यात मामा बसले होते. म्हटलं, “मामा, डबा आणताना कुठं थांबला होतात का?”

खोटं बोलणं त्यांना जमतच नाही. “थांबलो व्हतो की. मेव्हण्याची टपरी हाय कासुर्डीला. च्या घे म्हणला, घेतला. पंधरा मिन्टं. पर डबा सावलीला व्हता म्याडम, वर वलं पोतं टाकलं व्हतं.”

“चहा? चार महिने मी डोळे लावून बसले, आणि तुम्ही चहा पीत बसलात? दूध आहे का हे, तापवून प्यायला!”

पोरं वर्गातनं बाहेर येऊन बघायला लागली. मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, “आसंल मग. झालं आसंल माझ्याच हातनं.”

ते वाक्य मी उचललं आणि ऑफिसला दिलेल्या पत्रात घातलं, ‘त्यांनी स्वतः कबूल केले आहे’ असं. डबा उघडला तेव्हा आतल्या बर्फाच्या पिशव्या दगडासारख्या घट्ट होत्या, हे मला आठवत होतं. ते मात्र लिहिलं नाही. पत्र मामांच्या फायलीला लागलं. सामान आणायचं काम काढून त्यांना उंदरांचे पिंजरे धुवायला लावलं. कुपीवर मी मार्करनं ‘खराब’ लिहिलं आणि फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ढकलून दिली.

दुसरी कुपी मी स्वतः आणली. डबा स्कूटीवर पायांत घट्ट धरून, कासुर्डीपासून कॉलेजपर्यंत घोटभर पाण्यालाही न थांबता. बघितली, तर तीही काळी. आता मात्र मी कंपनीवर घसरले. सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, एवढंच म्हणाले, “नाचता येईना अंगण वाकडं, असं तर नाही ना?” मला त्यांचाही राग आला. ह्या सगळ्यात मामांना जाऊन सांगायला हवं होतं की बाबा, न थांबता आणलेलीही चालली नाही. ते मी सांगितलं नाही. पिंजरे धुताना दिसले की मी दुसऱ्या जिन्यानं जायचे.

कंपनीला झापायचंच म्हणून तक्रारीचा फॉर्म उघडला. त्यात एक रकाना होता, उंदीर कुठल्या वाणाचे? ह्यांना काय करायचंय वाणाशी, असं पुटपुटत मी आमचे पांढरे उंदीर लिहिले. लिहिलं आणि हात थांबला. कुपीसोबत आलेला कागद ड्रॉवरमधनं काढला. दोन पानं. तापमान सोडून त्यातलं काहीही मी कधी धड वाचलं नव्हतं. दुसऱ्या पानावर साधं सरळ लिहिलं होतं की ही खूण काळ्या उंदरांच्या पेशींवर असते, आमच्यासारख्या पांढऱ्यांच्या पेशींवर नसतेच. जी खूण मुळात नाही, तिला अँटिबॉडी चिकटणार कशी, कपाळ माझं?

काळे उंदीर शेजारच्याच रॅकमध्ये होते, दुसऱ्या विभागाचे. त्यांच्याकडनं प्लीहेचा तुकडा मागून आणला. आणि नवी कुपी नाही, मुद्दाम ती ‘खराब’ लिहिलेली काढली. अंधाऱ्या खोलीत डोळा लावला. काळ्या पडद्यावर हिरव्या पेशी लख्ख चमकत होत्या. ज्या क्षणाची मी वर्षभर वाट बघितली, तो आला तेव्हा मला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी.

पत्र मागं घ्यायला ऑफिसात गेले. क्लार्क म्हणाले, “मागं कसं घेणार? एकदा लागलं ते लागलं. दुसरं द्या, त्याच्यामागं लावू.” मी दुसरं लिहिलं. तासभर भांडले तरी पहिलं काही निघालं नाही.

मग मामांकडं गेले. पिंजरा घासता घासताच त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं रागावतील, निदान ‘येक क्यान’ तरी ऐकवतील. ते म्हणाले, “मला सांगून काय उपेग? मेव्हण्याला सांगा. तुज्या च्यापायी माझी आब्रू गेली, म्हणून त्याला नगं नगं ते बोललोय मी. तवापास्नं पाय ठिवला न्हाई तिकडं. भाऊबीजंला मालकीण येकलीच गेली वं.”

दुसऱ्या दिवशी दोघं कासुर्डीला गेलो. मेव्हण्यांनी मामांकडं एकदा बघितलं आणि ते ग्लास विसळत राहिले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चहानं काही झालं नव्हतं, चूक माझीच होती, कागद मी वाचला नव्हता.

“केवढा व्हता कागूद?” मेव्हण्यांनी विचारलं.

“दोन पानं.”

“वाचाया किती येळ लागला आस्ता?”

“पाच मिनिटं.”

“आन् आमच्या पंधरा मिन्टापायी येवढी बोंब मारलीत व्हय!” एवढं बोलून त्यांनी तीन ग्लास भरले.

मामा बाकड्यावर टेकले. ग्लास हातात घेतला आणि आधी खिशातनं मोबाईल काढून वेळ बघितली. मग चटके बसत असतानाच चार घोटांत चहा संपवला आणि उठले. आज कुठलाही डबा आणायचा नव्हता.

“चला म्याडम,” ते म्हणाले, “उशीर नगं.”