सैल न पडणारं हृदय

दोह्याजवळच्या लुसैलच्या बांधकाम साइटवरून घरी आला की माझा नवरा दारातच बूट काढायचा. त्या उन्हाळ्यात तो बुटांसकट सोफ्यावर बसायला लागला. वाकलं की दम लागायचा. आडवं झाल्यावर घुसमटायचा, म्हणून उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपायचा.

हृदयाची इको तपासणी केल्यावर इथल्या हॉस्पिटलातल्या केरळी डॉक्टरांनी हिंदीत समजावलं. "हृदय आवळतं चांगलं, पण नंतर सैल पडत नाही. बीपीमुळे भिंती ताठ झाल्यात. भरलंच नाही, तर पुढे ढकलणार काय?"

"औषधाने सैल पडेल?" त्याने विचारलं.

"पाणी आटोक्यात ठेवू. ठोके सावकाश ठेवू." त्यांनी गोळ्या लिहायला घेतल्या. मला उत्तर कळलं. त्यालाही कळलं असावं, कारण गाडीत त्याने एसीशिवाय कशाचाच विषय काढला नाही.

मीठ बंद झालं, लघवीच्या गोळ्या सुरू झाल्या. दोह्याच्या त्या उकाड्यात मी त्याला पाणी मोजून द्यायचे. थोडं जास्त झालं की पाय सुजायचे, छातीत घरघर सुरू व्हायची. कमी पडलं की उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. मधली जागा इतकी अरुंद होती, की आम्हाला ती कधी नीट सापडलीच नाही. एके दुपारी तो साइट ऑफिसातच कोसळला. साहेब भला माणूस होता, स्वतः घरी सोडायला आला. "खलास, आता आराम करा," एवढंच म्हणाला. नोकरी गेली, हे आम्ही त्यावरूनच समजलो.

पुढच्याच आठवड्यात चहा पिता पिता त्याने कप खाली ठेवला. "छातीत काहीतरी फडफडतंय गं."

इमर्जन्सीत तेच डॉक्टर आले. "वरचे कप्पे नुसते थरथरताहेत. ताठ हृदय भरताना शेवटी त्यांचा थोडा धक्का मिळायचा, तो गेला. आणि ठोके एवढे जलद, की भरायला वेळच नाही." शॉक देऊन ठोके जागेवर आणले. घरी आल्यावर चारच दिवसांत पुन्हा फडफड सुरू झाली. या वेळी डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि आमच्या मुलीच्या शाळेची चौकशी केली.

नोकरीवरच मिळालेली रेसिडेन्सी, म्हणजे इथे राहायची परवानगी, संपत आली, तशी मी नाशिकला परतायची बांधाबांध सुरू केली. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "आई, will Baba be okay there?" मी तिच्याकडे टेप मागितला.

तो खुर्चीतून बघत होता. "खोके कसले भरतेस? आधी मला विमानात घेतात का ते तर विचार."

मी विचारलं होतं. विमानप्रवासाला हरकत नाही, असं डॉक्टरांचं पत्र लागणार होतं, आणि ते द्यायला डॉक्टर तयार नव्हते. हे त्याला अजून सांगायचं होतं. मी त्याचे शर्ट घड्या घालून खोक्यात ठेवत राहिले.