मास्तरांची हलकी काडतुसं

"मी मारलं नाही त्यांना! मी बंदूक हातातसुद्धा धरली नाही! लिहून घ्या, आत्ताच्या आत्ता लिहून घ्या!"

मास्तरांचा मेव्हणा पोलीस ठाण्याच्या काउंटरवर दोन्ही मुठी आपटत मराठीत ओरडत होता. शनिवार, संध्याकाळचे सात. कोटाच्या बाहीवर रक्त, भुवयांवर बर्फ, आणि त्याच्यावर अजून कुणी कसला आरोपही केला नव्हता. आमचे चीफ कॉफीचा कप तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. त्या दोनशे मैलांत मराठी समजणारा पोलीस मी एकटाच.

ती आरोळी इतकी वर्षं कानातून गेलेली नाही. नोकरीतल्या बाकीच्या केसेस मी मीठमसाला लावून सांगत आलोय आणि पुढेही सांगेन. हिला मात्र कधी मसाला लावला नाही. तो आधीच लावून झाला होता.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. कॅनडातल्या रेजिना शहराहून उत्तरेला गाडीने पाच तास गेलं की आमचं गाव लागायचं. ठाण्यात चीफ, आम्ही तीन कॉन्स्टेबल, दोन कोठड्या आणि एक टाइपरायटर, ज्याचं 'ई' अक्षर थंडीत चालायचं नाही. भरतीच्या वेळी उंचीची अट मी जाड मोजे आणि फुगवलेले केस यांच्या जोरावर पार केली होती. निदान मी तसं सांगायचो. पोलीस म्हणून मी बरा होतो. थापाड्या म्हणून अव्वल. जानेवारीत माझी शिट्टी हवेतच गोठली आणि मार्चमध्ये वाजली, हा किस्सा मी स्वतः चीफना ऐकवला होता, आणि ते डोळे पुसेपर्यंत हसले होते.

मास्तर हायस्कूलमध्ये गणित शिकवत. वसईचे कॅथलिक. आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. माझा शनिवार आणि त्यांचा रविवार मिळून गावात एक पूर्ण वीकएंड पाळला जायचा, असं मी म्हणत असे. माणूस काटकुळा, सरळ. शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांच्या फ्रीजरमध्ये दर हिवाळ्यात मूसचं मांस भरलेलं असायचं. मूस म्हणजे तिकडचं सांबर, पण आपलं सांबर त्याच्या पोटाखालून मान न वाकवता निघून जाईल. मास्तरांना मोठ्या रायफलीचा धक्का सोसत नव्हता. बर्फावर घसरून त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि वाकडंच सांधलं होतं. म्हणून त्यांनी लहान बोअरची, म्हणजे अरुंद नळीची, हलकी रायफल घेतली होती. स्टाफरूममध्ये तिला 'मास्तरांची खडूपेटी' म्हणत.

काडतुसं ते स्वतः भरत. बेसमेंटमध्ये टेबल, टेबलावर दाबयंत्र आणि सोनाराच्या दुकानात शोभेल असा तराजू. वापरलेल्या पुंगळीत नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची, वर गोळी दाबायची. गणिताच्या माणसाला यात स्वर्ग दिसतो. "भाऊ, वजन निम्मं केलं तर जोर निम्मा होतो," ते मला सांगत, "पण वेग दुप्पट केला तर जोर चौपट! म्हणजे गोळी हलकी हवी आणि धावती हवी." कागदावर ते खरंच होतं.

सप्टेंबरात एका रविवारी त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. वहिनींनी वसईचे फुगे, आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळले होते, सोबत वाटाण्याची उसळ. मास्तरांनी विचारलं, "एवढ्या लहान रायफलीने मूस पडेल का हो, भाऊ?"

आता मी काय म्हणायला हवं होतं? मी आयुष्यात ससासुद्धा मारलेला नाही. गोळी घातलेलं जनावर आमच्या घरात शिजतच नाही, धर्मात बसत नाही. पण फुगे गरम होते आणि ऐकणारी माणसं आपली होती.

"पडेल का? अहो, मी पाडलाय! अश्शीच रायफल. हलकी गोळी, दारू थोडी जास्त, नेम खांद्यात. साडेतीनशे यार्ड. असा बसला, मास्तर, जसा काही खुर्ची ओढून बसला. जवळ गेलो तर मला सॉरी म्हणाला."

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. "पुरे हो भाऊजी! मूस इंग्लिशमध्ये बोलला की मराठीत?"

"कॅनडाचा मूस वहिनी, फ्रेंचसुद्धा येत होतं त्याला."

मास्तर मध्येच उठून खाली बेसमेंटमध्ये गेले. मला वाटलं घर तापवणारा फर्नेस बघायला गेले. वर आले तेव्हा एवढंच विचारलं, "खांद्यातच ना?"

"खांद्यातच."

त्यानंतर दोन महिन्यांनी मेव्हणा काउंटरवर मुठी आपटत होता.

मेव्हणा म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ. टोरोंटोला बँकेत होता, सुट्टीत आठवडाभर आला होता. दाढी नीट कापलेली, बूट शहरी. मी जबाब घ्यायला बसलो. त्याचं म्हणणं असं: दोघे सकाळी मास्तरांच्या ट्रकने जंगलात गेले. दुपारी दीडच्या सुमाराला मूस दिसला, मास्तरांनी एकच गोळी झाडली, ती खांद्यात लागली. मूस थप्पड बसल्यासारखा उडाला आणि उत्तरेला दलदलीकडे पळाला. बर्फावर रक्ताचे ठिपके होते. मेव्हण्याने रुमाल बुडवून बघितला, बाहीवरचं रक्त ते. मास्तर म्हणाले, रक्त काढलं की जनावर मिळेपर्यंत पाठ सोडायची नाही, हा नियम आहे. ते मागावर गेले. मेव्हणा ट्रककडे परतला.

"किती वाजता?"

"दोन."

"ठाण्यात सातला आलात. ट्रकपासून गाव अर्ध्या तासावर. मधले तास कुठे गेले?"

तो म्हणाला, वाट चुकलो. मग म्हणाला, ट्रक सुरू होत नव्हता. मग पुन्हा ओरडायला लागला, "अहो, उत्तरेला गेलेत ते! माणसं पाठवा ना! मला काय विचारत बसलाय?"

चीफना मी सगळं इंग्रजीत सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि मला विचारलं, "तू अशाच रायफलीने मूस मारलायस म्हणतोस. खांद्यात गोळी लागल्यावर तो मैलभर पळेल?"

खोलीत बाकीचे दोघे कॉन्स्टेबल होते. तो किस्सा दोघांनी दहा वेळा ऐकला होता. ही थाप होती, असं म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "नाही सर. जागेवर बसतो."

"म्हणजे हा खोटं बोलतोय."

"खोटं बोलतोय," मी म्हणालो. तेवढं खरंच होतं. तो खोटं बोलत होताच.

मेव्हण्याला कोठडीत टाकलं. मी स्टेशन डायरीत नोंद केली: संशयित, जबाबात विसंगती, बाहीवर रक्त. त्या रात्री पहाटेपर्यंत फूटभर बर्फ पडला आणि माग पुसला गेला. रविवारी आम्ही वीस माणसं घेऊन गेलो, पण शोधत होतो ते प्रेत. खुनी माणूस प्रेत घेऊन पाच मैल चालत नाही, म्हणून ट्रकपासून अर्ध्या मैलाचं वर्तुळ आखलं आणि लांब काठ्यांनी बर्फ टोचत फिरलो. कुणी हाका मारल्या नाहीत. प्रेताला कोण हाका मारतं?

दुपारी मी बेसमेंटची झडती घ्यायला गेलो. वहिनी दारात उभ्या होत्या. "भाऊजी, ते उपाशी असतील. सँडविच इथेच विसरून गेलेत." मी मान हलवली आणि खाली उतरलो. टेबल लख्ख पुसलेलं. डबीत सतरा काडतुसं, विसातली तीन कमी. झाकणाच्या आत वहीतून फाडलेली चिठ्ठी चिकटवली होती. वर गोळीचं वजन, दारूचं वजन, सगळं दशांशापर्यंत. खाली सुबक मराठी अक्षरात: 'नेम खांद्यात. जागेवर बसतो. (भाऊंचा अनुभव.)'

चिठ्ठी मी खिशात घातली. जप्तीच्या यादीत लिहिली नाही.

संध्याकाळी खबर घेऊन एक म्हातारा शेतकरी ठाण्यात आला. त्याचं शेत त्या जंगलाला लागून. म्हणाला, "शनिवारी दीडला एकच बार ऐकला. लहान रायफल. मोठी धपकन वाजते, ही चाबकासारखी. आणि तो ट्रक माझ्या कुंपणापाशी इंजिन चालू ठेवून उभा होता, चांगले चार तास. आत एक माणूस तोंड उघडं टाकून झोपलेला. मी काच वाजवली, उठला नाही."

मी कोठडीकडे गेलो. मेव्हणा भिंतीला टेकून बसला होता.

"झोपला होतात?"

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. "हीटर लावला होता. थर्मासमध्ये थोडी ब्रँडी होती. ते म्हणाले होते, चारला हॉर्न वाजवत राहा, आवाजावर मी येईन. उठलो तर काळोख. कसं सांगू ताईला? काय सांगू? झोपलो होतो म्हणून?"

तीस वर्षांच्या नोकरीत इतकं शिकलो की लाजेपोटी बोललेलं खोटं आणि गुन्ह्यापोटी बोललेलं खोटं टेबलाच्या पलीकडून अगदी सारखं दिसतं. त्या दिवशी टेबलाच्या दोन्ही बाजूंना पहिल्या प्रकारचंच खोटं बसलं होतं, आणि चौकशी एकाच बाजूची चालू होती.

शेतकरी निघाला होता. मी त्याला थांबवलं आणि मास्तरांचं एक काडतूस त्याच्या तळहातावर ठेवलं. "यातून मूस पडेल?"

त्याने ते उजेडात फिरवलं. गोळीच्या टोकाला नख लावलं. "ही कोल्ह्यांची गोळी. पातळ, हलकी, वेगवान. कोल्ह्याच्या चिंध्या करते. मूसच्या खांद्याच्या हाडावर अंड्यासारखी फुटेल, आत शिरणार नाही. जखम बशीएवढी, खोली तीन बोटं. तो पार शेजारच्या मॅनिटोबा प्रांतापर्यंत पळेल." मग माझ्याकडे डोळे बारीक करून म्हणाला, "पण हे मला काय विचारतोस? तू तर मारलायस ना एक?"

म्हणजे मेव्हणा खरं सांगत होता. मास्तर उत्तरेला होते, जिवंत किंवा मेलेले, आणि आम्ही दिवसभर दक्षिणेला काठ्या टोचत होतो. चीफ तेव्हा घरी जेवायला गेले होते. घर चार मिनिटांवर. मी गेलो नाही. अंधारात तसंही कुणाला पाठवता येणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या सगळ्या थापांत ही सगळ्यात गुळगुळीत.

सोमवारी सकाळी चिठ्ठी चीफच्या टेबलावर ठेवली आणि काय ते सांगितलं. त्यांनी ती मराठी अक्षरं बराच वेळ बघितली, वाचता येत असल्यासारखी. शिवी दिली नाही. फक्त म्हणाले, "गाड्या काढ."

पाच मैलांवर, दलदलीच्या पलीकडे डोमकावळे दिसले. आधी मूस सापडला. खांद्यावर बशीएवढी जखम, शेतकरी म्हणाला तशीच. आणि मानेत दुसरी गोळी, अगदी जवळून झाडलेली. तिथून तीस पावलांवर एका झाडाला टेकून मास्तर बसले होते. रायफल शेजारी उभी. एक पाय गुडघ्यापर्यंत दलदलीत भिजून लाकूड झालेला. भिजलेल्या काड्यांची पेटी मांडीवर.

चीफनी मूसच्या शिंगाकडे बोट दाखवलं. तिथे जनावर मारल्यावर लगेच परवान्याबरोबर मिळालेला टॅग शिंगाला बांधायचा असतो, आणि टॅगवर छापलेल्या तारखांपैकी त्या दिवसाची तारीख सुरीने कापायची असते. बहुतेक शिकारी घरी गेल्यावर कापतात. मास्तरांनी गाठ नीट मारली होती. तारीखही नीट कापली होती.

रविवारची.

म्हणजे आम्ही वीस माणसं त्यांचं प्रेत शोधत होतो तेव्हा ते जिवंत होते, जनावराच्या मागावर होते, नियम पाळत होते. डॉक्टरांनी काय लिहिलं ते वाचायची मला गरज पडली नाही.

मेव्हण्याला सोडलं. तो बहिणीच्या घरी गेला नाही. अंत्यविधीला चर्चच्या मागच्या बाकावर बसला आणि टोरोंटोला परतला. चीफनी माझ्या फाइलला ठपक्याचा एक कागद लावला. केस 'अपघाती मृत्यू' म्हणून बंद झाली. मी पुढे सार्जंट झालो, पेन्शन घेतो. लोक विचारतात, या केसने काय शिकवलं? शिकवलं हे की ऐकणाऱ्यांत एखादा असतो, जो आपलं बोलणं घरी नेऊन तराजूत घालतो. तो कोण हे चेहऱ्यावरून कळत नाही. मी चेहरे वाचायचा पगार घेत होतो, मलाही कळलं नाही. आणि शिकूनसुद्धा माणूस सुधारतो असं नाही. शिट्टीचा किस्सा मी वर तुम्हालाही सांगितलाच.

महिन्याभराने वहिनींकडे गेलो. त्या वसईला परत जायच्या तयारीत होत्या, भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मूस मी कधी मारला नव्हता. चिठ्ठी मी लपवली होती. रविवारी आम्ही चुकीच्या जागी होतो, ते माझ्यामुळे. म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी जेवताना मी नुसती गंमत करत होतो."

त्यांनी हातातला पेला गुंडाळून खोक्यात ठेवला.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मी हसले. ते वहीत टिपून ठेवायला खाली गेले."