खंडेनवमीला उचललेला वाकस

सांबरे गावच्या मालुबाईनं सुतारकीचं पहिलं काम केलं ते लाकूड कापायचं नव्हे, दगडावर पटाशी घासायचं. तिचा नवरा परशराम गावचा सुतार. एकोणीसशे एकतीस साली त्याचे हात थरथरायला लागले. तेव्हापासून तो बाजेवर पडून सांगायचा आणि ती करायची. महिनाभर त्यानं तिला नुसती धारच लावायला लावली.

"बोथट हत्यार जोर मागतंय, आन जोर केला की बोट जातंय," तो म्हणायचा.

मग करवत. रेघ आखायची आणि रेघेच्या बाहेरून कापायचं. जास्त राहिलेलं तासता येतं, कमी झालेलं वाढवता येत नाही. पहिली तीन जुवं तिनं चुलीत घातली. चौथं शेतात गेलं, अर्थात परशरामाच्या नावानं! बाईच्या हातचं म्हटल्यावर कोण बैल जुंपणार? दोन वर्षं असा झाकला कारभार चालला.

तेहतीसच्या उन्हाळ्यात परशराम गेला आणि खंडेनवमीला दीर रवळू निपाणीहून उगवला. तो तंबाखूच्या वखारीत पोती शिवायचा. रंधा कुठून धरतात तेही विसरलेला. पण हत्यारं घराण्याची म्हणे! ती त्यानं पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं आणि सुनावलं, "वैनी, इधवेचा हात हत्याराला चालत न्हाय. दसरा झाला की निपाणीला नेतो. देव्हाऱ्यात ऱ्हातील."

हत्यारं गेली की मालुबाईला दुसऱ्याच्या रानात मजुरीनं भांगलायला जाणं आलं. आणि देव्हाऱ्यात बसून गंज खायला तिनं ती घासली होती काय?

तेवढ्यात गावातला शेतकरी आण्णाप्पा दारात आला. त्याच्या शाळू पेरायच्या कुरीचं, म्हणजे पाभरीचं, माती फाडणारं लाकडी फण मोडलं होतं. "रानाला वापसा आलाय, आक्का. दोन दिवसांत वल उडंल."

"आज खंडेनवमी," रवळू गुरकावला. "आज हत्यार उचलायचं न्हाय."

"वल थांबतीया व्हय खंडेनवमीला?" मालुबाई म्हणाली. तिनं हत्यारांना हात जोडले आणि पाटावरचा वाकस, लाकूड तासायचं हत्यार, सरळ उचलला. कुंकू पुसलं, दगडावर धार लावली, काष्टा खोचला. बाभळीचं लाकूड पायाखाली दाबून ती तासायला बसली. घाव पायाच्या अंगठ्यापासून बोटभर लांब पडत होता. बाईमाणूस असं बसलेलं गावानं पाहिलं नव्हतं. शेजारीपाजारी दाराशी गोळा झाले.

"आण्णाप्पा," रवळू ओरडला, "हिच्या हातचं फण रानात घालनार? पीक करपंल तुझं!"

मालुबाईचा हात थांबला. नवऱ्याची झाकली मूठ उघडणं तिच्या जिवावर आलं होतं. पण आता गप्प बसणं म्हणजे मरणच.

"भावजी, तुमच्या भावाचा हात दोन वर्सं चमचाबी धरत न्हवता. ह्या गावातला दोन वर्सांतला यकूनयक नांगर माझ्या हातचा हाय. कुनाचं पीक करपलं, सांगा की!"

आण्णाप्पानं डोक्यावरचं मुंडासं खाली घेतलं, पुन्हा बांधलं.

"दोन वर्सं त्याच नांगराचं पिकल्यालं खातोय मी, रवळू," तो म्हणाला. "आता काय वकून टाकू व्हय? हत्यारं हितंच ऱ्हातील."

रवळूनं दाराकडं पाहिलं. शेजारी मालुबाईच्या हाताकडंच बघत होते; तो पाटापासून मागं सरला. मालुबाईनं फण बसवलं, हलवून पाहिलं आणि कुरी आण्णाप्पाच्या हवाली केली.

"आन कुनी इचारलं तर मालकाचं नाव सांगू नगंस," ती म्हणाली. "मालूनं केलं म्हनून सांग."